नव्या टाकीचं पीठ

या, अशा जवळ येऊन बसा. लांबून काय ऐकू येणार? आणि आधी माझी दोन बोलणी खाऊन घ्या. सोलापूर रस्त्यानं वर्षातनं कितीदा जाता-येता, मिरजगावला थांबून चहा पिता, आणि तिथनं जरा आत आमचं गाव, तिकडं काही तुमची गाडी वळत नाही. म्हणून तर तुम्हाला आमची हिराक्का ठाऊक नाही. आता ती राहिली नाही, तेव्हा मलाच सांगणं आलं. पण गोडगोड सांगेन अशी आशा धरू नका. मी त्या बाईवर जन्मभर जळले. अजून जळते.

कबड्डीच्या सामन्याला तिला एकदा बघायला हवं होतं तुम्ही. आमचा गडी चढाईला निघाला, त्यानं मध्यरेषा ओलांडली, की हिराक्का श्वास घेणं बंद करायची. तो पलीकडं ‘कबड्डी कबड्डी’ करतोय आणि ही इकडं गाल फुगवून, डोळे वटारून बसलेली. तो परत आला की ‘हुश्श’. पकडला गेला तरी ‘हुश्श’, पण ती निराळी. एका यात्रेत आमचा गडी तिकडं फारच रेंगाळला आणि ही बाई गर्दीत आडवी झाली. तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडल्या उघडल्या काय विचारावं? “गडी आला का माघारी?”

हिराक्काची पिठाची गिरणी होती. आमच्या घराला लागूनच, मधे एक कडुलिंब. नवरा लवकर गेला, मुलगी नगरला दिलेली. भुवयांवर, पापण्यांवर कायम पीठ, त्यामुळं बाई तरुणपणापासून म्हातारीच दिसायची आणि म्हातारपणी तेवढीच दिसली. गिरणीमागं तिची मोकळी जागा होती, ती तिनं पोरांना खेळायला दिली होती. रोज दुपारी कळशीनं पाणी मारायची तिथं, धूळ उडू नये म्हणून. अंगणात तुळशीला घालावं तसं. आणि मैदान जिचं, तिचं ऐकावं लागतंच. संघात तिला कुठलं पद नव्हतं, पण तिच्या शब्दाबाहेर पान हलत नव्हतं.

आणि संघ कसला म्हणता? दर चैत्रात यात्रेला सामने व्हायचे आणि दर चैत्रात आमचा संघ हरायचा. बाजारगावच्या संघाकडं मॅट, बूट, पाठीवर आकडे असलेले बनियन. आमच्याकडं घरटी एक जुना खेळाडू, चाळिशीला टेकलेला. माझा दत्तू तर कप्तान. दुधाचा टेम्पो चालवतो तो. दिसायला राजबिंडा, पण चाकावर बसून बसून पोट आलेलं. मला आईला काय त्याचं? मला तो कप्तान दिसायचा. बायका पाणवठ्यावर ‘कप्तानाची आई’ म्हणायच्या, मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

अशात एका यात्रेला आमच्यावर दोनदा लोण चढलं. म्हणजे सगळे गडी दोनदा बाद. संध्याकाळी देवळाच्या पारावर सगळे माना घालून बसलेले, मी बायकांत मागं उभी. हिराक्का हाताचं पीठ झटकत पुढं आली.

“दगड गुळगुळीत झालाय,” ती म्हणाली. “कितीबी दाणं घाला, भरडच पडंल. टाकी मारावी लागंल.”

टाकी मारणं म्हणजे गिरणीच्या झिजलेल्या दगडाला छिन्नीनं नव्या खाचा पाडणं. ते काम हिराक्का स्वतः करायची, तोंडाला पदर बांधून.

“म्हणजे काय करायचं, आक्का?” कुणीतरी विचारलं.

“जुनी समदी बसवा. नववी-धावीतली पोरं घ्या. किसन घ्या, लोहाराचा लांबटांग्या घ्या. तीन वर्सं हरतील. नव्या टाकीचं पयलं पीठ कचकचच लागतं, खडा येतो दाताखाली. ते जनावराला घालायचं. लगोलग पोळ्या मागायच्या न्हाईत.”

“आणि दत्तू?”

“दत्तू पयला बसंल. त्याचं पोट आदी रेषा वलांडतंय, मग पाय.”

सगळा पार हसला हो! पोटावर हात ठेवून दत्तूही हसला, पण मला आईला कळलं ते हसू कसलं होतं. मी तिथनं तडक गिरणीत जाऊन उभी राहिले. ती आली तशी मी तिला दारातच गाठलं.

“चार माणसांत माझ्या पोराला बसवलंस, हिराक्का?”

“बसवलं.”

“तुझ्या पोटचा असता म्हणजे?”

“तर गेल्या सालीच बसवला असता,” तिनं पट्टा सारखा करत म्हटलं. “हट, उजेडात उभी ऱ्हाऊ नगं.”

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याकडं दळण टाकणं बंद केलं. पाच पावलांवरची गिरणी सोडून ज्वारीचा डबा टेम्पोत घालून बाजारगावाला पाठवायला लागले. टेम्पो दत्तूचाच! पोरगं बिचारं मुकाट न्यायचं आणि आणायचं. तिथल्या पिठाच्या भाकरी थापताना चिरा पडायच्या. मी पाणी गरम घेतलं, कोमट घेतलं, पीठ मळून मळून घेतलं, पण भाकरी काही एकसंध होईना. एकदा हिराक्कानं तो डबा टेम्पोत बघितला आणि रस्त्यावरनं ओरडली, “कमळे, दुस्मनाच्या गावचं पीठ खाऊ घालतीस गं संघाला? तरीच हरतोय आपन!”

मला वाटलं होतं, निदान दत्तू तरी तिचं नाव टाकेल. आठ दिवस टाकलंही. मग एका दुपारी ती दारात आली. मला ‘जेवलीस का’ म्हणून विचारलं नाही, सरळ त्याच्याशी बोलली.

“दत्तू, पोरं पकडीला लांबनं हात टाकत्यात. गुडघ्याखाली कसं धरायचं ते मला सांगता येत न्हाई. तुला येतं. चल.”

आणि गेला की! चप्पल घालता घालता गेला. तिनं पोरगं संघातनं काढलं आणि वर स्वतःकडं पळवून नेलं. असली चोरी आमच्या पंचक्रोशीत कुणी केली नसेल. शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत म्हणे, तरी चोरी होत नाही. माझ्या घराला चांगलं सागवानी दार होतं.

तेव्हापासून दत्तूचं घर म्हणजे नुसतं झोपायची जागा झालं. दूध घालून आला की गिरणीमागं. घरात ज्याच्या तोंडून ‘मीठ दे’ याच्यापुढं शब्द निघत नाही, तो तिथं तासन्‌तास बोलायचा. मी कडुलिंबाखाली झाडू घेऊन उभी राहायची. झाडण्यासारखं काही नसायचं, पण झाडायची. त्याचं हसणं ऐकू यायचं. किसन नावाचं काडीसारखं पोरगं होतं, त्याला हिराक्का गिरणीच्या दारात उभं करून ‘कबड्डी’ म्हणायला लावायची. पिठाची धार डब्यात पडून डबा भरेपर्यंत दम सुटता कामा नये. त्याचा सुटला की ती म्हणायची, “अजून थोडं पीठ ऱ्हायलंय रं!” आणि दत्तू ‘उद्या भरेल, आक्का’ म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारायचा. माझ्या पाठीवर नाही कुणी थाप मारली कधी.

आणि भाकरी! एकदा जेवताना हा म्हणतो, “आई, आक्काच्या भाकरीला काय पापुद्रा सुटतो गं.” मी ताट उचलून आत नेलं. माझा गुडघा दुखतो म्हटलं तर, “वय झालं आता, आई.” तिला खोकला लागला तर टेम्पो थेट नगरला, मोठ्या डॉक्टरकडं. सांगा तुम्हीच.

पहिल्या वर्षी पोरं पहिल्याच सामन्यात आपटली. किसन पकडला गेला आणि मैदानातच रडायला लागला. सगळं गाव हिराक्काला हसलं, मी जरा जास्तच हसले. ती मात्र शांत. “कचकच हाय. लागनारच.” दुसऱ्या वर्षी तर निम्मी टाकीच उखडली. लोहाराचा लांबटांग्या मिलिटरीत भरती झाला, दुसरा एक सुप्याला कंपनीत लागला. ज्याच्यावर तिनं सगळ्यात जास्त भरवसा टाकला होता त्यानं तर लग्न करून खेळच सोडला. चुकायची हो, ती पण खूप चुकायची! बाजारगावच्या संघाचा सराव बघायला जायची आणि येऊन गिरणीच्या पायरीवर बोटं मोडत बसायची. “मॅटवर खेळत्यात मेले. मऊ मऊ.” तिचाही नुसता जळफळाट. तो बघून मला काय गार वाटायचं म्हणून सांगू! पण जळणारीला जळणारी ओळखते. मला झाडूसकट बघून म्हणाली, “जळ, कमळे, खुशाल जळ. पर जळायचं तर त्याच्यावर भाकरी भाजून घ्यावी. नुसता धूर कशाला?”

तिसऱ्या वर्षी तिच्या छातीनं दगा दिला. जन्मभर पीठ हुंगलेलं, ते आत बसलं होतं. डॉक्टरनं गिरणी बंद करायला सांगितली आणि सामने बघणंसुद्धा. गिरणी तिनं बंद केली. आणि त्याच यात्रेत आमची पोरं अंतिम सामन्याला पोचली. दत्तूनं तिच्यासाठी घरनं खुर्ची आणली, आमच्याच घरची, आणि मला म्हणाला, “आई, तू आक्काजवळ बस.” मला बसायला पोतं.

सामना काय सांगू? कधी ते पुढं, कधी आम्ही. शेवटची चढाई राहिली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं. किसन उठला. आता त्याला मिसरूड फुटली होती. दत्तू रेषेबाहेर उकिडवा बसलेला, दोन्ही हात मातीत. तेवढ्यात हिराक्कानं माझं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता, श्वास शीळ घातल्यासारखा वाजत होता.

“कमळे, माझ्याच्यानं आता दम धरवंना. तू धर.”

“मी?”

“तूच. न्हाईतर पोरगं एकटंच जाईल की गं तिकडं.”

किसननं रेषा ओलांडली आणि मी तोंड मिटलं. बाई बाई बाई! लांबनं बघायला किती सोपं वाटायचं. त्यानं डावीकडच्याला हुलकावणी दिली, मग खाली वाकून एकाच्या गुडघ्याला हात लावला, मग दुसऱ्याच्याही. माझ्या कानात गिरणी सुरू झाली. तो वळला, आणि मागनं एकानं त्याचा घोटा धरला. किसन आडवा पडला, सरपटला, हात लांब केला. मध्यरेषा चार बोटं पुढं राहिली. शिट्टी झाली. माझा श्वास सुटला तो रडण्यासारखाच.

हिराक्कानं मनगट सोडलं नव्हतं. “कुठवर धरलास?”

“शिट्टी होईपर्यंत.”

“मग ब्येस धरलास.” तिच्या पांढऱ्या पापण्या ओल्या होत्या, पण तोंडभर हसू होतं. “चार बोटंच गं. कचकच गेली, कमळे. आता मऊ पीठ पडंल.”

पावसाळ्यानंतर तिची मुलगी तिला नगरला न्यायला आली. दत्तू सामान टेम्पोत चढवत होता. हिराक्का सावकाश आमच्या दारात आली आणि गिरणीची किल्ली माझ्या हातात दिली.

“दत्तूकडं दे की,” मी फणकाऱ्यानं म्हटलं.

“त्यो हरवतो. तुझ्याकडं असू दे. लागंल तवा तुझ्याकडनं मागून घ्यायला सांगितलंय त्याला.”

त्या थंडीत तिनं नगरलाच डोळे मिटले.

पुढच्या चैत्रात आम्ही जिंकलो. बाजारगावाला हरवून जिंकलो. किसनच्या प्रत्येक चढाईला मी दम धरला. हातपाय गार पडले, पण कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन औक्षणाचं ताट केलं. लांबनं हलगी ऐकू आली, गुलालात माखलेला टेम्पो आला, आणि दत्तू ढाल छातीशी धरून उतरला. कप्तान होता तेव्हाही असा दिसला नव्हता. मी निरांजन लावलं.

“आई, किल्ली दे,” तो म्हणाला. “ढाल आक्काच्या दगडावर ठेवायची आहे.”

जळले हो! त्या क्षणालासुद्धा जळले. माणूस जाऊन महिने झाले आणि ढाल आधी तिलाच! पण मग कमरेच्या किल्लीला हात लागला आणि ध्यानात आलं, तिच्याकडं जायची त्याची वाट आता माझ्याच दारावरनं होती. तिनं ते मुद्दाम केलं होतं का, कोण जाणे. बाई फार पुढचं बघायची.

“आधी ओवाळून घे,” मी म्हटलं. “मग किल्ली.”

ओवाळताना पोरगं रडलं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलं. पदराला गुलाल लागला, तो मी अजून धुतलेला नाही. मग आम्ही दोघांनीच जाऊन गिरणी उघडली.

तर अशी ती. आता किसनला बाहेरचे संघ बोलवायला लागलेत, तो जाणारच. दत्तू परत नववी-दहावीतली पोरं गोळा करतोय, म्हणजे पुन्हा टाकी आली आणि पुन्हा कचकच आली. मैदानाला पाणी मी मारते. पण खरं सांगू का, गेल्या यात्रेला एक चढाई लांबली आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. माझ्याच्यानं आता एकटीनं सगळी पोरं पलीकडं सोडून माघारी आणणं व्हायचं नाही. तेव्हा यंदा मिरजगावचा चहा राहू द्या. गाडी आत वळवा, भाकरी खाऊन जा. आता पापुद्रा सुटतो माझ्याही भाकरीला. लवकर या, आणि सामन्याला माझ्या शेजारी बसा. मी हात धरला की तोंड मिटायचं, एवढंच काम आहे.