वाडीनं पास केलेलं पुस्तक

माझी आई लिहिते, हे मी जरा मोठ्यानंच सांगते. कातकऱ्याची बाई आणि लेखिका, हे ऐकून समोरच्याच्या भुवया वर जातात. मला ते बघायला आवडतं. आमची वाडी कडावच्या वरच्या अंगाला. घरं आमची, पण घरांखालची जमीन कागदावर दुसऱ्याची. ती वाडीच्या नावावर व्हावी म्हणून आई उभा जन्म भांडली. तहसील कचेरीत भांडून यायची आणि घरी बसून लिहायची. कर्जतचं एक साप्ताहिक ते छापायचं.

छापायला जाण्याआधी मात्र प्रत्येक लेख वाडीत पास व्हावा लागे. आई ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची. मंडळी कुणी जाळं विणत, कुणी मासे साफ करत ऐकायची आणि मध्येच अडवायची. असं नव्हतं झालं, हे काढ, ते घाल. ज्याची गोष्ट त्याचा शब्द शेवटचा, हा आईचा नियम. ती निमूट खोडायची आणि माझं डोकं फिरायचं. लिहिणारी तू की हे सगळे, असं मी तिला कितीदा विचारलं असेल.

पुढे त्या लेखांचं पुस्तक निघालं. त्यातला एकच लेख ओट्यावर वाचायचा राहिला, कारण तो जिच्यावर होता ती आईची मावशी तेव्हा घाटावर वीटभट्टीला गेली होती. मालकानं वाडीची जमीन परस्पर विकली आणि नव्या मालकाची माणसं भोवती सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढायला आली, त्या दिवसाचा तो लेख. मावशी दारात बसून ढसाढसा रडली, असं आईनं लिहिलं होतं. तो मावशीला न ऐकवता छापला, ही टोचणी आईच्या जिवाला होतीच.

प्रकाशन कर्जतच्या हॉलमध्ये झालं. पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक. मागे टेंपोतून आलेली आमची वाडी. आईला एक पान वाचायला सांगितलं, तर तिनं नेमका तोच लेख काढला.

ती रडण्यापाशी आली आणि मागून मावशी उठली.

"थांब गं बाय. मी रडले नाय."

पुढच्या रांगांत खुसखुस झाली. एका कार्यकर्त्यानं तिला हातानं खाली बसायला सांगितलं. वाडीला कळेना, बाईचं चुकलं काय? वाचन म्हणजे त्यांच्या लेखी हेच.

"मंग काय केलंस, मावशे?" आईनं माइकवरून विचारलं, अगदी ओट्यावर विचारायची तसं.

"खांब उपटला. पयला मीच. त्ये लिव."

आईनं पेन मागून घेतलं. नव्याकोऱ्या पुस्तकातली ओळ तिनं तिथल्या तिथे खोडली, वर खांब लिहिला आणि वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. मग प्रमुख पाहुण्यांनी आपली प्रत पुढे सरकवली आणि यातही दुरुस्त करून द्या म्हणाले. त्यांच्यामागे रांग लागली. लेखिकेची सही कुणीच मागितली नाही, सगळ्यांना ती खोडलेली ओळ हवी होती. त्या दिवशी मला आईचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा एरवी कधी वाटला नसेल.

तरी परतताना टेंपोत मी तिच्या कानाशी लागलेच. मावशी रडली होती, मी स्वतः पाहिलं होतं.

"रडली ना," आई म्हणाली. "पन खांब उपटून झाल्यावर. मी दोनी बघितलं आनि रडनंच लिवलं. शेरातल्या मानसाला त्ये लवकर पटतं."

मावशी शेजारीच होती. तिनं सगळं ऐकलं.

त्यानंतर आणखी दोन पावसाळे खेटे घालावे लागले, पण घरांखालची जागा वाडीच्या नावावर झाली. उपटलेला तो पहिला खांब मावशीच्या दारात आडवा पडलाय, त्याची तिनं पायरी केली आहे.

आता मीही लिहिते, आणि आईचा नियम मलाही चुकलेला नाही. म्हणून हे मी त्याच ओट्यावर वाचलं. टेंपोतलं बोलणं आलं तसा माझा आवाज उतरला. मावशीला म्हटलं, तुझं रडणं काढून टाकू का?

"नको," ती म्हणाली. "आता ऱ्हाऊ दे. आता जागा आपली हाय."