आडवा बाटला

रविवारी सकाळी भेस्तानला चांगलीच थंडी होती. घरी दहा माणसं जेवायला येणार होती आणि भाजी अर्धी शिजलेली असताना शेगडीची ज्योत बारीक होत विझली...

इकडे सुरतेत गॅस सिलिंडरला बाटला म्हणतात. दुसरा बाटला आलेला नव्हता. हलवून पाहिला तर तळाशी थोडं काही डचमळत होतं. मग सासूबाई करायच्या तेच केलं. बाटला आडवा पाडला. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या बाईने!

तेवढ्यात संगीता आली. ही आमच्या गल्लीतली, मूळची धुळ्याकडची. घरी साड्यांना लेस लावते आणि मुक्त शाळेतून दहावी करते. विज्ञान मी शिकवते.

मागे तिने वहीत लिहिलं होतं की बाटल्यात नुसता वायू कोंबलेला असतो. मी तिसऱ्यांदा समजावलं, वहीत लिहूनही दिलं. दाबामुळे रेणू इतके जवळ येतात की एकमेकांच्या ओढीने धरून राहतात, म्हणून आत द्रव. त्या ओढीतून सुटून वर येतात तेवढेच वायू. थंडीत सुटणारे कमी, म्हणून ज्योत बारीक. तिने वही मिटली. मी सरळ सांगून टाकलं की तुला विज्ञान जमणार नाही, दुसरा विषय घे.

विषय बदलायचा अर्ज लिहून तोच दाखवायला ती आली होती.

माझ्या हातात लायटर होता. तिने अर्ज ओट्यावर टाकला आणि मला न विचारता रेग्युलेटर बंद केला. मी चिडले. माझ्या स्वयंपाकघरात मला कोणी शिकवलेलं मला चालत नाही.

"काकू, आडवा केला तर नळीत पाणीच येईल ना," ती म्हणाली. "बाहेर आल्यावर त्याचा केवढा तरी गॅस होईल, भडकाच उडेल. की वहीत मला खोटं लिहून दिलं होतं?"

"पाणी नाही, द्रव," मी सवयीने म्हणाले.

"तेच ते. उभा करा आधी."

उभा केला. खिडक्या उघडल्या.

बाटला आडवा करू नये, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. ते तिचं तिने काढलं होतं... आणि मी तिला जमणार नाही म्हणाले होते.

उरलेली भाजी तिच्या शेगडीवर शिजली. पाहुणे गेल्यावर मी त्याच अर्जाच्या मागे तिला बाटल्याची आकृती काढायला लावली. तळाशी ठिपके दाटीने, वर चार सुटे. एकही चूक नाही. तो कागद आता माझ्याकडे आहे, परत मिळणार नाही.

तोंडावर आभार मानणं मला जमत नाही, म्हणून इथे लिहिते. संगीता, त्या दिवशी तू होतीस म्हणून आम्ही सगळे धड आहोत. विज्ञानाचा पेपर तू देणार आहेस... आणि त्यात द्रव लिहायचं, पाणी नाही.