मध्यंतरापर्यंतचा सिनेमा

आमच्या आळीत कुठला सिनेमा बघायचा हे मी ठरवते. म्हणजे, ठरवायचे. भाताची आवणी उरकली की आळीतल्या बायका जीप करून कल्याणला सिनेमा बघायला जातात, वर्षातून एकदाच. मी तिथे एका दवाखान्यात केसपेपर लिहिते, म्हणून आधी बघून येऊन सांगायचं काम माझ्या गळ्यात. "वैनी, तू हो म्हटलीस की आमी निघालो."

त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच घरगुती सिनेमा होता. सासूबाईंनी तर तगादाच लावला. "आईचा हाय म्हनं गो. बघून ये ना लवकर." गुडघे गेलेले, पण जीपमधली पुढची सीट त्यांनी आधीच सांगून ठेवली होती.

गेले एकदाची. रजा टाकून चार दिवस चिखलात रोपं लावत वाकले होते, कंबर धरली होती. खुर्चीत टेकले तेव्हा सिनेमापेक्षा तिथल्या गारव्याचंच बरं वाटलं. पण पाचच मिनिटांत झोप उडाली. सिनेमातल्या आईला दोन मुलगे. एक महिना एकाकडे, एक महिना दुसऱ्याकडे. एक तारीख आली की ती पिशवी घेऊन निघते.

आमच्या सासूबाई एक महिना आटगावला आमच्याकडे असतात, एक महिना मुरबाडला दिरांकडे. वाटणीच्या वेळी दोघा भावांनी शेत, भांडीकुंडी आणि आई एकाच बैठकीत उरकलं. सासूबाईंना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणि सिनेमातली ती धाकटी सून! आदल्या संध्याकाळीच पिशवी दाराशी आणून ठेवते. अगं, मीही तेच करते, सकाळी घाई नको म्हणून. आजूबाजूच्या बायका तिला नावं ठेवत होत्या आणि मी खुर्चीत अंग चोरून बसले होते. मध्यंतराचे दिवे लागले तशी उठले ती थेट स्टेशनवर.

घरी येऊन सांगितलं, "बेकार आहे. नुसती रडारड. जीपचं भाडं फुकट जाईल."

बायकांनी जीप रद्द केली. सासूबाई म्हणाल्या, "बरं. तू बघितलास ना, मग झालं." मला लाज वाटत होती, आणि लाज वाटून घ्यायचाही कंटाळा आला होता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तोच सिनेमा टीव्हीवर लागला. मी आठवड्याचे कपडे धूत होते. सासूबाई शेजारच्यांकडे बसून बघून आल्या.

"तू शेवटपर्यंत नाय ना बघितलास गो?" त्या म्हणाल्या.

मी कपडे पिळत राहिले.

"शेवटाला ती सून पिशवीच लपवते. तांदळाच्या डब्यात! म्हातारी शोधून शोधून दमते. मग जातच नाय." असं म्हणून त्या हसल्या, कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. त्या रविवारी संध्याकाळी मी पिशवी दाराशी ठेवली नाही, एवढंच केलं. सकाळी त्यांनीच ती खुंटीवरून काढली, साड्या भरल्या, गोळ्या भरल्या, आणि हातात धरून जरा वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मी डबा भरत होते. मला दिसत होतं. "राहू द्या, आई," एवढंच म्हणायचं होतं. पण दिवसभर त्यांच्याजवळ कोण बसणार, दवाखान्यात लेटमार्क लागेल, दिरांना काय सांगायचं, हे सगळं एकदम डोक्यात आलं. आणि मी डब्याचं झाकण लावलं.

त्यांना मुरबाडच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. पिशवी मांडीवर नीट घेऊन त्या म्हणाल्या, "बायांना सांग गो, बघन्यासारखा हाय."