चौदा नंबरवरची भुरभुर

आमच्या गावात पाऊस फार कमी पडतो. हे ऐकून बाहेरचे लोक हसतात, कारण हसताना त्यांच्या बुटांत पाणी असतं. पण बेल्जियममधल्या आर्देनच्या या डोंगरात पाऊस म्हणवून घ्यायचं तर त्याने गटार तुंबवलं पाहिजे, निदान एखादं कोंबडं तरी बुडवलं पाहिजे. त्याच्या खालचं सगळं म्हणजे भुरभुर. भुरभुरीत आमच्या बायका कपडे वाळत घालतात. ते वाळत नाहीत, पण घालतात.

माझा मामा नेस्तोर या बाबतीत गावात सगळ्यात कडक. एकतीस वर्षं तो रस्त्यावर सरकारी मजूर होता. गिरणीच्या वळणापासून चुन्याच्या खाणीपर्यंतचे चार किलोमीटर त्याच्या ताब्यात. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, पानं झाडायची. मामी म्हणायची, "माझी पाठ कुठे दुखते ते याला ठाऊक नाही, पण रस्त्याच्या पाठीवरची पुळी न् पुळी पाठ आहे."

वर्षातून एक रविवार तो रस्ता त्याच्याकडून काढून घेत आणि ग्रांप्रीच्या शर्यतीतल्या गाड्यांना देत. त्या दिवशी मामाच्या दंडाला पट्टी, हातात झेंडे आणि लाकडी पेटीत एक फोन. गिरणीच्या वळणावरची ही चौकी नंबर चौदा. पिवळा झेंडा धरायला मी. बाकीचे दिवस मी नगरपालिकेत जन्ममृत्यूचे दाखले लिहितो, त्यामुळे झेंडा धरण्याची माझी पात्रता कोणी तपासली नाही.

युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. त्या जूनमध्ये तीन आठवडे थेंब पडला नव्हता. सरावाच्या गाड्यांनी रस्त्यावर रबर आणि तेल सोडलं होतं, वर आमच्या गाईंनी आपली भर घातली होती. सकाळी मामा वळणावर वाकला, डांबरावर थुंकला आणि अंगठ्याने घासलं.

"साबण आहे," तो म्हणाला. "अजून पाणी लागलं नाही, एवढंच."

"चांगला पाऊस आला तर?"

"चांगला आला तर धुऊन निघेल रे. भुरभुर आली तर फेस."

निसरड्या रस्त्यासाठी एक वेगळा झेंडा असतो, पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा. तो मुख्य चौकीतून हुकूम आल्याशिवाय काढायचा नाही, असा त्या वर्षी नवा नियम निघाला होता. मुख्य चौकी डोंगरापलीकडे, जिथे गाड्या सुटतात तिथे. पूर्वी तिथे फोनवर आमच्या गावचा औषधवाला बसायचा. 'भुरभुर' हा शब्द कानावर पडला की तो म्हणायचा, "मग काढ की झेंडा, वाट कसली बघतोस?" त्या वर्षी तो आजारी पडला आणि त्याच्या जागी ब्रुसेल्सचे एक साहेब आले.

तिसऱ्या फेरीला भुरभुर सुरू झाली. डोळ्यांना दिसेना, फक्त मिशीला कळेल इतकी. फोन वाजला. मामा तो कानापासून वीतभर लांब धरत असे, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"चौदा नंबर, पाऊस आहे का?"

"भुरभुर आहे, साहेब."

"म्हणजे काय?"

"म्हणजे भुरभुर. बारीक. पण रस्ता—"

"अहो, मला अजून सहा चौक्यांना विचारायचंय. पाऊस आहे, हो की नाही?"

मामाने आभाळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. गटार कोरडं होतं.

"पाऊस नाही," मामा म्हणाला. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

"मामा, पट्ट्यांचा झेंडा?"

"हुकूम नाही." एवढं बोलला आणि त्याचा चेहरा उतरला. तो पेटीकडे वळला आणि पुन्हा जोडून घेण्यासाठी फोनची मूठ गरागरा फिरवू लागला. मूठ त्याच्या हातातच होती तेव्हा बावीस नंबरची लाल गाडी आली.

तिने ब्रेक लावला नाही, चाकं किंचाळलीही नाहीत. नुसती आडवी झाली, मेजावरून बशी सरकते तशी, आणि गिरणीच्या दगडी भिंतीवर गेली. चालवणारा रेन्झो नावाचा इटालियन मुलगा होता, चोवीस वर्षांचा. आम्ही पोचलो तेव्हा तो गेला होता. त्याच्या चष्म्याच्या काचांवर खसखशीहून बारीक थेंब होते. मामाने ते अंगठ्याने पुसले. ते का पुसावेसे वाटले, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

दहा मिनिटांनी खरा पाऊस आला. गटारं तुंबली, गिरणीचा ओढा रस्त्यावर चढला. गाड्या दोन तास त्यातून पळाल्या आणि कोणाला ओरखडाही उमटला नाही. जिंकणाऱ्याने रेनकोटावर हार घालून घेतला. लोक अजून म्हणतात, काय ती पावसातली रेस!

महिन्याने चौकशीचा कागद आला. रस्ता कोरडा. चौकी चौदाकडून पाऊस नसल्याची खबर. चालकाची बेफिकिरी.

मामाने चर्चला जायचा कोट चढवला आणि मला घेऊन शहरातल्या कचेरीत गेला.

"साहेब, हे लिहिलंय ते चूक आहे."

"तुम्ही पाऊस नाही म्हणालात ना?"

"म्हणालो."

"मग बरोबरच आहे की!"

"त्याआधी भुरभुर म्हणालो होतो."

कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला. माणूस वाईट नव्हता. "आजोबा," तो म्हणाला, "भुरभुरीला रकाना नाही."

पुढच्या महिन्यात मामा पुन्हा गेला. रकाना तेव्हाही नव्हता.

सप्टेंबरात रेन्झोचा थोरला भाऊ आला. इलारिओ. लिएजजवळ कोळशाच्या खाणीत होता, पापण्यांच्या कडांना कोळसा काजळासारखा बसलेला. मामा वळणावर गटार उपसत होता, मी त्याची शिदोरी घेऊन आलो होतो. इलारिओने भिंत पाहिली, हात लावला, मग मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "आई विचारते. पोरगा बेफिकीर होता का? कागद तसं म्हणतो. रस्ता कोरडा, तरी गेला."

मामाने फावडं भिंतीला टेकवलं. "कोरा कागद दे रे," मला म्हणाला.

"मी लिहितो ना मामा. माझं अक्षर बरं आहे."

"तुझं अक्षर बरं असेल. भुरभुर माझी आहे."

पहिल्या शब्दापाशी तो फार वेळ थांबला. मग लिहिलं: पाऊस पडत होता. मी नाही म्हणालो. मुलाची चूक नव्हती. खाली पूर्ण नाव आणि हुद्दा, रस्ता मजूर.

इलारिओने दोनदा वाचलं. मला वाटलं, आता हा मामाच्या थोबाडीत देणार. मामालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने टोपी काढून हातात घेतली. पण इलारिओने कागदाची घडी घातली.

"खाणीत वरून विचारतात, गॅस आहे का?" तो म्हणाला. "आम्ही म्हणतो, थोडासा."

"मग?"

"मग ते लिहितात, नाही."

तो बस पकडायला गेला. हात मिळवला नाही.

पुढच्या जूनमध्ये लख्ख ऊन होतं. चौदा नंबरचा फोन वाजला, पाऊस आहे का? मामाने ओढ्याकाठच्या गवताला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "आहे." तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा तिकडून मोटार आली. त्यातल्या गृहस्थाच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. दंडावरची पट्टी मामाने स्वतःच सोडून दिली.

आता तो धुक्यालाही पाऊस म्हणतो, दवालाही. गावाला आयती करमणूक मिळाली आहे. परवा काफेत कोणाचा तरी ग्लास कलंडला, तशी मालकीण ओडिल ओरडली, "नेस्तोर, बघ रे बाबा, पाऊस आहे का?"

सगळे हसले. मीही हसलो.

मामा उठला, टेबलाकडे नीट पाहिलं. "आहे," म्हणाला. फडकं मागून घेतलं आणि टेबलाच्या फळीवर बोट घासून कोरडं लागेपर्यंत पुसत राहिला.