शालवाला डॉक्टर आणि आमच्या बाई

"बसा. आधी पाणी प्या, मग खोटं बोला."

मुदतवाढ मागायला आलेल्या विद्यार्थ्याचं विद्यापीठातल्या आमच्या विभागात असं स्वागत व्हायचं. विद्यार्थी म्हणजे कोवळी पोरं समजू नका. पीएच.डी.चे विद्यार्थी. कुणाच्या कानावर पांढरं आलेलं, कुणाला दोन लेकरं, कुणी स्वतःच कुठल्या तरी कॉलेजात मास्तर. असा बाप्या माणूस टेबलासमोर येऊन घसा खाकरायचा, आईच्या आजारपणाला हात घालणार तेवढ्यात बाई पाण्याचा गिलास पुढं सरकवायच्या आणि हे वाक्य टाकायच्या. पाणी पिता पिता निम्म्यांचं खोटं विरघळून जायचं. उरलेले नेटानं बोलायचे, आणि बाई ते इतका रस घेऊन ऐकायच्या की शेवटी सांगणाऱ्यालाच कसंनुसं व्हायचं. मुदतवाढ मात्र सगळ्यांनाच मिळायची.

'बाई' आम्ही पाठीमागं म्हणायचो. तोंडावर मॅडम. पीएच.डी. करणाऱ्यांचं नोंदणीपासून व्हायवापर्यंत जे काही असेल ते बघणाऱ्या त्या अधिकारी, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. त्या शिरूर अनंतपाळकडच्या. सगळी नोकरी नांदेडात काढूनही बोली तिकडचीच राहिली. मी नांदेडचा, नोकरदार घरातला, नियमाला देव मानणारा. आमचं दोघांचं कसं जमलं म्हणाल, तर जमलं नाहीच. मलाच जमवून घ्यावं लागलं.

विद्यार्थ्यांना त्या विषयावरून हाक मारायच्या. हळदीवर काम करणारी मुलगी हळद, ग्रामपंचायतीवाला ग्रामपंचायत. लातूरकडच्या एका चांगल्या भारदस्त प्राचार्यांचा विषय गाजरगवत होता. ते सफारी घालून आले की बाई आतूनच विचारायच्या, गाजरगवत आलं का हो? प्राचार्य मुकाट आत यायचे. पुढं त्यांनी थीसिस भराभर संपवला. माझ्या मते ते नाव सुटावं म्हणूनच.

गाईड मंडळींना तर त्यांची धास्तीच होती. लातूरचे एक सर एका विद्यार्थ्याला रोज आपल्या मुलाला क्लासला सोडायला आणि आणायला लावायचे. विद्यार्थी बिचारा क्लासच्या दारात मोटारीत बसून संदर्भग्रंथ वाचायचा. बाईंना हे कळलं. शनिवारी गावाकडं जाताना त्या लातूरला उतरल्या, क्लास सुटायच्या वेळेला मोटारीचं मागचं दार उघडून मुलाशेजारी बसल्या आणि थेट सरांच्या घरी गेल्या. चहा घेतला, पोहे घेतले, सरांच्या बायकोला लोणच्याची रीत विचारली. मूळ विषयाचा एक शब्द काढला नाही. सोमवारपासून सर स्वतः मुलाला सोडायला जायला लागले.

तर अशा या बाई. आता 'बाजार'चं सांगतो, कारण बाई म्हटलं की मला तेच आठवतं.

बिलोली तालुक्यातल्या एका गावचा हा विद्यार्थी. तिकडच्याच एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचा. तेलंगणाच्या सीमेवरच्या आठवडी बाजारांवर त्याचा थीसिस होता, म्हणून बाजार. सुरुवातीला झपाट्यानं काम केलं. तीन प्रकरणं लिहिली, विभागासमोर सादरीकरण झालं, सगळ्यांनी वाहवा केली. आणि मग हा गायब. मुदतवाढ संपली की कुणाच्या तरी हाती अर्ज पाठवायचा, स्वतः तोंड दाखवायचा नाही. त्या वर्षी शेवटची मुदतवाढ संपत आली होती. महिनाअखेर थीसिस आला नाही तर नोंदणी रद्द, इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. आणि फोन करावा तर उचलेना.

"गाडी काढा," बाई मला म्हणाल्या. विद्यार्थ्याच्या घरी जायचं हे कुठल्याही नियमात बसत नाही, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, म्हणून तर तुमची गाडी काढा म्हणते, विद्यापीठाची न्हाई.

गावाच्या तोंडाशीच फ्लेक्स होता. त्यावर आमचा बाजार. गळ्यात शाल, हातात नारळ, डोळ्यांवर गॉगल, आणि खाली हे एवढ्या अक्षरांत: 'गावचे भूषण डॉक्टर साहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. बाईंनी गाडी थांबवायला लावली. मी रागानं लाल झालो. ज्या माणसानं अजून थीसिस दिलेला नाही तो डॉक्टर कसा? ही सरळ सरळ फसवणूक आहे, आत्ता जाऊन नोटीस काढतो, असं मी बरंच काही बोललो. बाई फ्लेक्स बघत होत्या. "फोटू चांगला आलाय," म्हणाल्या. "चला."

हॉटेलपाशी एका म्हातारीला डॉक्टरांचं घर विचारलं. तिनं उलट विचारलं, "कोनता? सुईवाला का शालवाला?"

शालवाल्याच्या घरी बाजेवर त्याचा बाप बसला होता. किडकिडीत म्हातारा, पांढरीशुभ्र मिशी, बोलणं कमी. सून दारात आली आणि म्हणाली, ते देगलूरला गेलेत. त्याच वेळी मागचं दार वाजलं आणि घरामागच्या तुरीच्या रानात काहीतरी सळसळत आत गेलं. चपला उंबऱ्यातच राहिल्या होत्या. म्हाताऱ्यानं चपलांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं.

गाडी बघून एव्हाना निम्मं गाव गोळा झालं होतं. एकानं विचारलं, आमच्या डॉक्टरसाहेबांकडं काय काम काढलंत? मी तोंड उघडणार होतो. खरं तेच सांगणार होतो. बाईंनी माझ्या पायावर पाय दिला, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि रानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"विद्यापीठानं बोलावलंय डॉक्टरसाहेबांना. एका पोराचा थीसिस तपासायचाय. पोरगं हुशार हाय, पन लई आळशी अन् भित्रं. साहेब आले न्हाईत तर त्याचं वाटोळं व्हईल. महिनाभर ऱ्हावं लागंल."

लोक खूश झाले. तूर जागच्या जागी हलली. थोड्या वेळानं केसांत पानं अडकलेला बाजार अनवाणी बाहेर आला. चेहरा पार उतरलेला. बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्याला हात जोडून म्हणाल्या, "या डॉक्टरसाहेब." मीही हात जोडले. काय करता!

शिवेपर्यंत त्याला मानानं पुढच्या सीटवर बसवलं. फ्लेक्स मागं पडला तशी बाईंनी गाडी थांबवायला लावली.

"आता मागं या. अन् चौथं प्रकरण कुठंय ते सांगा."

तो रडायलाच लागला. झालं होतं ते असं. सादरीकरणाच्या दिवशी मित्रांनी त्याला शाल-नारळ दिला, फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. गावाला वाटलं, झाला डॉक्टर. हा घरी पोचायच्या आत वेशीत हलगी उभी. मिरवणूक निघाली, बाया ओवाळायला आल्या. त्या गर्दीत 'अजून व्हायचंय' असं याच्या तोंडून निघेना. उद्या सांगू म्हणाला. दुसऱ्या दिवशी शाळेत सत्कार होता. त्यानंतर सांगायची सोयच राहिली नाही. आणि गंमत बघा, ज्याचा थीसिस गावात साजरा झालाय त्यानं तो लिहायला बसायचं कुठं? कागद पुढं घेतला की शेजारी विचारणार, आता आणखी काय लिहून राहिलाव डॉक्टर? तीन वर्षं हा माणूस चोरून, रानात बसून एखादं पान लिहायचा आणि कुणाची चाहूल लागली की उपरण्याखाली दडवायचा.

मला वाटलं बाई झापतील. त्या इतक्या हसल्या की गाडीची काच खाली करावी लागली. हसून झाल्यावर मात्र त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नांदेड येईस्तोवर काढला नाही.

आमच्या विभागामागच्या जुन्या सामानाच्या खोलीत त्याची स्थापना झाली. मी त्याचा पहारेकरी. डबा बाईंच्या घरून. गावाहून रोज फोन यायचे, तपासणी कशी चाललीय म्हणून. बाजार गंभीरपणे सांगायचा, पोरगं लई चुका करून राहिलंय. गावचे लोक रदबदली करायचे, टाका पास करून गरिबाला. एकदा बापाचा फोन आला. फोन चार्जिंगला लावलेला, म्हणून स्पीकरवर होता. म्हातारा म्हणाला, "लई तानू नको त्या पोराला. जेवतंय का टायमाला?" मी हसलो. मला तेव्हा काहीच कळलं नाही, हे कबूल करतो.

मुदत संपायच्या दिवशी कचेरी बंद होता होता थीसिस जमा झाला. बाईंनी विभागाला भजी खाऊ घातली. पुढं तो थीसिस बाहेरच्या तज्ज्ञांकडं गेला, त्यांचे अहवाल यायला वेळ लागला, आणि तोवर बाई निवृत्त होऊन शिरूरला निघून गेल्या. जाताना निरोपाचं भाषण केलं नाही. मला फक्त म्हणाल्या, बाजारवर लक्ष ठेवा.

उन्हाळ्यात व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, लागला. आमच्याकडचा व्हायवा तुम्ही पाहिला असेल तर सांगायला नको. साखरपुड्यासारखं असतं. जीपा भरून पाव्हणे येतात, हार, फेटे, पेढ्यांचे डबे, बाहेरच्या परीक्षकाला दारातून आत यायला वाट मिळत नाही. बाजारच्या व्हायवाला मात्र सभागृह रिकामं. गाव बोलावणार कसं? गावाच्या लेखी हे सगळं केव्हाच उरकलं होतं. बायको आली असती, पण घरी काय सांगून? अध्यक्ष, परीक्षक, गाईड, झोपाळू दोन विद्यार्थी आणि मी. इस्त्रीचा शर्ट घालून तो एकटाच उभा होता. मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो.

सुरू होणार तेवढ्यात मागचं दार उघडलं. बाई आत आल्या, आणि त्यांच्यामागं फेटा बांधलेला म्हातारा. म्हाताऱ्याला त्यांनी फोन करून सांगितलं होतं म्हणे, तुमचा पोरगा परीक्षा घेणार हाय, बघायला या. बाजारला याचा पत्ता नव्हता. दोघं शेवटच्या रांगेत, माझ्या मागंच बसले.

म्हाताऱ्यानं सगळ्यांवरून एक नजर फिरवली. मग हळूच विचारलं, परीक्षा घेनारा हुबा, अन् देनारे समदे बसल्याले, हे कसं? बाई म्हणाल्या, आमच्यात अशीच रीत हाय, मामा.

तिकडं बापाला बघून बाजारची वाचाच गेली. परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला. दुसरा विचारला. हा कागद चाळतोय, कपाळाचा घाम शर्टावर पडतोय. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. अध्यक्ष गाईडकडं बघायला लागले. व्हायवा पुढं ढकलावा का, अशी कुजबुज सुरू झाली. आणि माझ्या मागची खुर्ची वाजली. म्हातारा उठला होता.

"म्या एक इचारू का?"

अध्यक्ष खाली बसा म्हणाले. बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, सर, खुली परीक्षा हाय, कुनीबी इचारू शकतं, तुमच्याच नियमात हाय. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर नियमाला देव मानल्याचं त्या दिवशी चीज झाल्यासारखं वाटलं. "आहे, सर," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं पोराकडं बघितलं. "आपल्या गावचा बाजार कोन्या वारी भरतो?"

शेंबडं पोरसुद्धा सांगेल असा प्रश्न. झोपाळू विद्यार्थी हसले. बाजारनं हातातले कागद खाली ठेवले. बापानं मान हलवली, सांग म्हणून.

"बुधवारी, बापू."

"बुधवारीच कामून?"

मग तो बोलायला लागला. बुधवारीच का, पलीकडच्या तेलंगणातले व्यापारी आदल्या दिवशी कुठं असतात, कापडवाले कुठल्या बाजारातून कुठं जातात, लहानपणी बापाच्या बैलगाडीत बसून तो काय काय बघायचा. थांबेचना. परीक्षकांनी हातातलं घड्याळ टेबलावर काढून ठेवलं आणि वाकून ऐकायला लागले. म्हातारा कधीच खाली बसला होता.

पदवीची शिफारस झाली. टाळ्या वाजवायला आम्ही मोजकीच माणसं, पण वाजवल्या. बाजार बापाच्या पाया पडला आणि उठेचना. बाप त्याच्या पाठीवरून हात फिरवत बाईंना विचारत होता, "मंग त्या आळशी पोराला पास केलं म्हना की?"

"केलं, मामा."

"बरं केलं. लई दिवस लटकल्यालं व्हतं."

दोघांचेही चेहरे सरळ. ओठ हललासुद्धा नाही. म्हाताऱ्याला हे कधीपासून माहीत होतं, हे मी पुढं बाईंना विचारणार होतो. राहून गेलं.

संध्याकाळी घरी निघालो तर गेटासमोरच्या थांब्यावर दोघं बसलेले. बाजार कागदपत्रांसाठी मागं थांबला होता. बाईंच्या मांडीवर किलोभर पेढ्यांचा डबा उघडा. गावात नेऊन वाटावेत तर कशाबद्दल म्हणून वाटणार? घरी नेले तरी प्रश्न. म्हणून ते दोघंच खात होते. बाईंना साखरेचा आजार, तरी खात होत्या. मलाही बसायला लावलं. बिलोलीची गाडी आली तेव्हा डब्यात चुरासुद्धा उरला नव्हता.

म्हातारा उठला, तसं बाईंनी त्याच्या दंडाला धरून थांबवलं, पिशवीतून रुमाल काढून दिला आणि मिशीकडं बोट दाखवलं.

"तोंड पुसा, मामा. गावात इचारतील."

म्हाताऱ्यानं मिशी नीट पुसली, दोन्हीकडून. बाईंनी वाकून बघितलं, ठीक हाय म्हणाल्या, आणि त्याला गाडीत चढू दिलं. मग त्यांची लातूरची गाडी आली. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. त्या हिवाळ्यात शिरूरहून फोन आला, तो त्यांच्या मुलीचा होता.