पत्रिकेचा निळा

"पोरी, ह्यो निळा न्हाय. जांभळा हाय," सुशीलामावशी म्हणाल्या आणि छापलेलं सॅम्पल माझ्या टेबलावर ठेवलं.

मावशी विड्या वळतात. त्यांच्या महिला मंडळाने वस्तीत बुद्धविहार उभा केलाय. रविवारी उद्घाटन होतं, पत्रिका उद्याच वाटायला निघणार होत्या. डिझाइन मी व्हॉट्सॲपवर दाखवलं होतं. "बिनधास्त ओके करा, असंच छापून येईल," हेही मीच म्हटलं होतं. सोलापुरात वीस वर्षं ऑफसेट प्रेसमध्ये डीटीपी करून! लाज वाटली.

भानगड अशी की स्क्रीनवरचा रंग म्हणजे उजेड. लाल, हिरवा, निळा. त्याला आरजीबी म्हणतात. मशीन मात्र चार शाया वापरतं, ते सीएमवायके. फाइल एकातून दुसऱ्यात नेली की झळझळीत निळ्याची पंचाईत होते. त्यात मॅजेंटा, म्हणजे राणी रंग, जरा जास्त पडला की झाला जांभळा. मी मॅजेंटा कमी केला. निळा पार उतरला.

प्रेसचे मालक वैतागले. "चालतंय की. कोण बघतंय एवढं?"

"आमी बघतो की," मावशी म्हणाल्या. "ह्या निळ्यासाठी उन्हात हुबं ऱ्हायलोय आमी."

तेवढ्यात आमचे मशीनमन गफारभाई हात पुसत आले. "मॅडम, शाई में बत्ती नै रैती. कंप्यूटर छोडो. मावशी, झेंडा है क्या?"

मावशींच्या पिशवीत निळा झेंडा होताच.

गफारभाई म्हणाले, निळी शाई हाताने मिसळून वेगळी लावतो. पण मग एवढ्या वेळात मशीनवर दोनच रंग बसतील, निळा आणि काळा. विहाराचा फोटो काळा-पांढरा होणार.

"हुंदे. निळा निळाच पायजे."

गफारभाईंनी काचेवर सुरीने शाई घोटली. बोटाने पत्रिकेच्याच कागदाच्या कडेवर ठिपका दिला. ओली शाई फसवते म्हणून वाळेपर्यंत थांबले, मग कागद झेंड्याला लावून बाहेर उन्हात पाहिला. "थोडा पांढरा होना." पुन्हा घोटली. सातव्या वेळी ठिपका कुठे संपतो आणि झेंडा कुठे सुरू होतो ते मला कळेना. कसलंही यंत्र नाही, नुसते डोळे. मी थक्क झाले.

संध्याकाळी पत्रिका छापून निघाल्या. तेव्हापासून मी मोबाईलवर रंगाचं ओके घेत नाही. कागदावर घेते, तेही उन्हात.

मावशींनी पहिल्या पत्रिकेवर माझ्याकडून नाव लिहून घेतलं, गफारभाईंचं. दुसरीवर माझं. क्रम बरोबरच होता.