दापोडीहून आणलेलं मशीन

आमच्या घरातलं शिलाई मशीन मी किती स्वस्तात आणलं, हे मी कॅन्टीनमध्ये कितीदा तरी सांगितलं आहे. लोक हसायचे, पाठीवर थाप मारायचे. पण सांगताना एक जागा मी दर वेळी गाळली. ती बायकोलाही ठाऊक नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि लिहिताना बोटांना मशीनच्या तेलाचा वास येतोय असं वाटतं.

तेव्हा मी पिंपरीच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. शॉपमधून तयार माल आमच्या टेबलावर यायचा. मापात बसला नाही की आम्ही त्यावर लाल खडूची फुली मारायची. फुली पडली की तो तुकडा भंगारात. कामगार कुरकुर करायचे, पण वाद कुणी घालायचं नाही. अशा कामानं माणूस आतून कसा नासतो, ते मला फार उशिरा कळलं. आपण बोट ठेवू तिथं खोट निघालीच पाहिजे, असं वाटायला लागतं.

बायकोला मशीन हवं होतं, जुनं चालणार होतं. कॅन्टीनमध्ये मी विषय काढला.

"आपल्या प्रेस शॉपमधला तो, बोटं गेलेला, त्याची बायको विकतीय की," एक जण म्हणाला. "दापोडीला राहतो. मशीन जुनं विलायती आहे म्हणतात."

"मग राव घाई करू नका," दुसऱ्यानं तोंडातला चिवडा चघळत सल्ला दिला. "अडलाय तो. दोन रविवार जाऊ द्या, आपोआप उतरेल. आणि गेल्यावर आधी खोड काढायची. खोड काढल्याशिवाय भावाचं बोलायचंच नाही."

त्याच्या ओठांना चिकटलेला तो चिवडा मला अजून दिसतो. तेव्हा किळस आली नाही. उलट मी खरोखरच दोन रविवार थांबलो. त्या घरात ते दिवस कसे गेले असतील, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

मग एका सकाळी गेलो. रुळांच्या बाजूला एक खोली, मागं पडदा लावून केलेलं स्वयंपाकघर. नवऱ्यानं मला ओळखलं. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, तरी तो उठून उभा राहिला.

"साहेब तुम्ही? अगं, इन्स्पेक्शनचे साहेब आलेत."

मशीन खिडकीशी होतं. काळंभोर, सोनेरी वेलबुट्टी हात घासून घासून पुसत आलेली, पण लोखंड तसंच्या तसं. बाईनं चाक फिरवून दाखवलं. आवाज इतका गोल आणि एकसारखा, की माझ्यातला मेकॅनिक खूश झाला.

"आईचं हाय माझ्या," ती म्हणाली. "अडीचशे म्हणतोय आम्ही."

माझ्या मनानंही आकडा लावला होता. अडीचशेच. भिशीचे पैसे बायकोनं दिले होते, ते पूर्ण खिशात होते. काढून द्यायचे आणि मशीन न्यायचं, एवढंच करायचं होतं. पण मागितलेला भाव निमूट दिला, असं उद्या कॅन्टीनमध्ये सांगायचं कसं? त्या चिवडा खाणाऱ्या तोंडांची मला लाज वाटली. समोर उभ्या असलेल्या माणसांची नाही वाटली.

"चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई," नवरा म्हणाला. घरात दूध नव्हतं. तो तसल्या हातानं दूध आणायला बाहेर गेला. बाई पडद्यामागं स्टोव्ह पेटवायला गेली. माझ्यासाठीच दोघंही उठून गेली आणि मी मशीनसमोर एकटा उरलो.

खिशात छोटा स्क्रू ड्रायव्हर असायचाच. मशीनच्या तोंडावरची चकचकीत पट्टी मी सैल केली, आतला स्क्रू ढिला केला, आणि सुईचा दांडा अर्धा सूत वर सरकवून पुन्हा आवळला. शॉपमध्ये आम्ही सुतात मापतो, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. अर्धा सूत म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला काहीच नाही. पण सुई तेवढी वर राहिली की खालच्या शटलला धागा सापडत नाही आणि मशीन टाके सोडायला लागतं. पट्टी बसवली. बोटांना लागलेलं तेल तिथल्याच एका चिंधीला पुसलं. एखाद्या लहान झबल्यासाठी बेतलेला तुकडा होता तो, हे नंतर लक्षात आलं.

चहा आला. मी तो प्यायलो. मग म्हणालो, "वहिनी, जरा कापडावर चालवून दाखवा."

तिनं चालवलं. दोन टाके पडले, तीन सुटले.

"काल तर नीट चालत होतं," ती म्हणाली. सुई काढून नवी घातली. धागा परत ओवला. बॉबिन उलटीसुलटी करून पाहिली. ताण ढिला केला, मग घट्ट केला. प्रत्येक वेळी तेच. तिच्या कपाळावर घाम आला आणि मी शेजारी बसून बघत राहिलो. मधे कधीही म्हणता आलं असतं, थांबा, मी बघतो. म्हटलं नाही.

"असू द्या," मी म्हणालो. "शटल झिजलंय. या मशीनचे पार्ट आता मिळत नाहीत."

"आवं, पण काल..."

"साहेबांनी बघितलंय न्हवं?" नवरा तिला म्हणाला. "कंपनीत यांची फुली पडली की मालक आला तरी पुसत न्हाई. कशाला वाद घालतीस?"

एकशे चाळीस दिले. तिनं मोजले नाहीत. नवऱ्यानं डाव्या हातानं मशीन हातगाडीवर चढवायला मदत केली.

घरी आणून तो दांडा जागेवर बसवायला मला जरासाही वेळ लागला नाही. बायकोनं चालवून पाहिलं आणि म्हणाली, "एवढं चांगलं मशीन, आणि एवढ्यात दिलं त्यांनी?"

"नशीब," मी म्हणालो.

एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी स्वतःला सहन केलं असतं. वर्ष उलटल्यावर पिंपरीच्या भाजीबाजारात ती बाई भेटली. तिनंच हाक मारली. एका खानावळीत भांडी घासायला जात होती, हात पांढरे पडून चिरा गेल्या होत्या.

"मशीन दुरुस्त झालं का साहेब? माझाच हात वाईट. तेल जास्त घातलं असंल, न्हाईतर पाय जोरात मारला असंल. आईनं इतकी वर्षं वापरलं, मी नासवलं." मग जरा थांबून म्हणाली, "शेजारचा टेलर बोलावत होता ब्लाउज शिवायला. मी न्हाई म्हणलं. दुसऱ्याचं मशीन बिघडवलं तर भरून कुठनं द्यायचं?"

खरं बोलायला याहून सरळ वेळ कुठली असणार होती? मी म्हणालो, "हो, बराच खर्च आला दुरुस्तीला."

"माफ करा साहेब," ती म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.

मशीन अजून आमच्याकडे आहे. माझे पायजमे त्यावरच शिवले जातात आणि मी ते घालतो. कॅन्टीनमध्ये ती फुशारकी मी त्या दिवसापासून बंद केली, पण हे काही प्रायश्चित्त नव्हे, ही फक्त शिसारी आहे. आणि शिसारी येऊनही मी रोज जेवतोच.

ती माणसं अजून तिथंच राहतात. माझी बस त्या बाजूनंच जाते. वरचे एकशे दहा रुपये कुणाच्याही हाती पाठवता येतील. पण त्या बाईंचं मी आणखी एक देणं लागतो, आणि ते मलाच जाऊन द्यायला हवं: मशीन तुम्ही बिघडवलं नव्हतं, मी बिघडवलं होतं. एवढं वाक्य मी अजून दिलेलं नाही.